फॉस्फरस मोजल्याशिवाय उन्हाला दोष देऊ नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तापू लागला की पुण्यातील आणि आसपासच्या तळ्यांचे पाणी हिरवे पडते, काठावर कुबट वास सुटतो, आणि तक्रार करणाऱ्या नागरिकाला बहुधा एकच उत्तर ऐकायला मिळते : यंदा ऊन फार आहे, हवामान बदलले आहे, शेवाळ येणारच. या उत्तरात खोटे काही नाही, पण ते अर्धेच आहे. आणि जो अर्धा भाग त्यातून गळतो, नेमका तोच आपल्या हातातला आहे. मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि राहते पाषाण तलावाच्या परिसरात. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तो नीट मांडायचा तर थोडी जागा लागेल, ती आपण द्यावी, ही विनंती.

शेवाळ हा तळ्याचा शत्रू नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सूक्ष्म शैवालावर जलपिसवांसारखे बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे आणि माशांवर खंड्या-बगळे. शैवालच नसेल तर तळे उपाशी राहील. बिघाड होतो तो प्रमाण सुटल्यावर. शैवालाच्या पेशींत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरीने १०६ : १६ : १ असे असते. यांपैकी कार्बन हवेतून मिळतो. नायट्रोजनही हवेत मुबलक आहे आणि नील-हरित शैवालाच्या काही जाती तो थेट हवेतून बांधून घेऊ शकतात. फॉस्फरसला मात्र हवेची वाट नाही. तो खडकांतून, मातीतून, शेतातून आणि आपल्या सांडपाण्यातूनच तळ्यात उतरतो. म्हणून गोड्या पाण्यात बहुतेक वेळा शैवालाच्या वाढीचा लगाम फॉस्फरसच्या हाती असतो. वजनाच्या हिशेबात पाहिले तर एक ग्रॅम फॉस्फरस सुमारे शंभर ग्रॅम कोरड्या शैवालाला पुरतो, इतका हा लगाम बारीक आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग केला. हे सरोवर मध्यभागी चिंचोळे असल्याने तिथे पडदा लावून त्याचे दोन भाग करता आले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या भागात त्याच दोन द्रव्यांबरोबर फॉस्फरसही घातला. काही आठवड्यांत फॉस्फरसचा भाग नील-हरित शैवालाने गढूळ हिरवा झाला आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूचे पाणी जवळपास पूर्वीसारखेच राहिले. ऊन, वारा आणि पाऊस दोन्ही भागांवर सारखाच होता. पुढे शास्त्रज्ञांमध्ये नायट्रोजनच्या वाट्याविषयी बराच वाद झाला, आणि काही सरोवरांत दोन्ही द्रव्ये कमी करावी लागतात हेही आज मान्य आहे. तरीही फॉस्फरसकडे डोळेझाक करून हिरवे तळे निवळते, असे म्हणण्यास कोणी धजावत नाही.

आता उन्हाकडे वळते, कारण उन्हाचा वाटा मला मुळीच कमी लेखायचा नाही. जगभरातील सरोवरांच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान गेल्या काही दशकांत दर दशकाला सरासरी एक तृतीयांश अंशाने वाढत गेल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. नील-हरित शैवालाच्या अनेक जाती २५ अंश सेल्सियसच्या वर जोमाने वाढतात, तर करंडक वनस्पती (डायाटम) या सूक्ष्म शैवालासारख्या इतर गटांचा जोर त्याआधीच ओसरू लागतो. कोमट पाणी हलके असल्याने वर राहते आणि खालच्या गार पाण्याशी त्याची सरमिसळ कमी होते. अशा निश्चल पाण्यात जड शैवाल तळाशी जाते. नील-हरित शैवालाच्या पेशींत मात्र वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्या आधाराने ते वर येते, सगळा प्रकाश अडवते आणि खालच्या प्रतिस्पर्ध्यांना अंधारात ठेवते. भरीस भर म्हणजे गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. वरचे मेलेले शैवाल तळाशी जाऊन कुजते तेव्हा तिथला उरलासुरला प्राणवायूही संपतो, आणि प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणजे वर्षानुवर्षे आपण तळ्यात साठवलेली ठेव नेमकी कडक उन्हाळ्यात बाहेर येते. त्यात पाण्याची पातळी खालावलेली असते, त्यामुळे तेवढीच पोषकद्रव्ये कमी पाण्यात दाट होतात. आणि मोसम बदलून वळवाची किंवा पावसाळ्याची एखादी जोरदार सर कोसळली की रस्त्यांवरची, नाल्यांतली आणि शेतांतली घाण एका झपाट्यात तळ्यात येते. पाऊस थोड्या तासांत अधिक कोसळण्याकडे कल वाढत असताना हा झपाटाही वाढणार, हे उघड आहे.

असे असले तरी ऊन एकटे काय करते, हे पाहायचे असेल तर आफ्रिकेतील टांगानिका सरोवराकडे पाहावे. हे अतिशय खोल सरोवर विसाव्या शतकात तापत गेले, त्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याची सरमिसळ मंदावली, आणि तिथे शैवाल वाढण्याऐवजी कमी झाले, कारण खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर येईनाशी झाली. तेथील मासेमारांना त्याची झळ बसते, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. मुद्दा इतकाच की उष्णता स्वतः शैवालाला खाऊ घालत नाही. वरच्या पाण्यात अन्न नसेल तर तापलेले सरोवर अधिक स्वच्छही दिसू शकते. आपली तळी तापल्यावर हिरवी होतात, याचा अर्थ त्यांच्यात अन्न ठासून भरलेले आहे.

पाणी हिरवे दिसले म्हणजे ते सारखेच हिरवे असते, असे नाही. हे कोणालाही पडताळून पाहता येते, म्हणून जरा तपशिलाने लिहिते. हातमोजे घालून एक लांब काडी पाण्यात फिरवावी. काडीला केसांसारखे हिरवे धागे गुंडाळून आले तर ते तंतुमय शैवाल आहे आणि ते सहसा निरुपद्रवी असते. काडी मात्र ऑइलपेंटमध्ये बुडवून काढल्यासारखी माखून आली, तर नील-हरित शैवालाचा संशय घ्यावा. दुसरी चाचणी बरणीची. तळ्याचे पाणी पारदर्शक बरणीत पाऊण भरून झाकण लावावे आणि फ्रिजमध्ये एका बाजूला, खाण्याच्या वस्तूंपासून दूर, रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी हिरवेपणा तळाशी बसलेला असेल तर ते बहुधा साधे हिरवे शैवाल. पाण्यावर सायीचा थर धरून खालचे पाणी निवळलेले असेल तर ती नील-हरित शैवालाची खूण. पुण्यातल्या तळ्यांवर फिरायला येणाऱ्या, माशांना खाद्य टाकणाऱ्या आणि कुत्र्याला पाण्यात सोडणाऱ्या मंडळींना एवढे ओळखता आले पाहिजे, कारण नील-हरित शैवालाच्या काही जाती यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे तयार करतात आणि तो हिरवा थर चाटणाऱ्या जनावरांचे मृत्यू अनेक देशांत नोंदले गेले आहेत.

प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते. पण ज्या पाण्यावर लोकांची तहान भागते तिथे या शक्यतेकडे दुर्लक्ष परवडत नाही. चीनमधील ताइहू सरोवर २००७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर नील-हरित शैवालाने भरले आणि काठावरच्या वूशी शहरातील सुमारे वीस लाख लोकांना कित्येक दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. अमेरिकेतील इरी सरोवराच्या काठावरील टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसिस्टिन हे विष पाणीपुरवठ्यात आढळले आणि सुमारे चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. त्यांना पाणी उकळू नका, असेही सांगण्यात आले होते, कारण उकळण्याने हे विष नष्ट होत नाही. आपल्याकडे गढूळ पाणी दिसले की ते उकळून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तो उपयोगी नाही. मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ही दीर्घकालीन मर्यादा सुचवली आहे. मोरचूद टाकून शैवाल मारण्याचा उपायही जपून करावा लागतो, कारण पेशी एकदम फुटल्या की आतले विष एकदम पाण्यात उतरते.

आता आपल्या शहराचा हिशेब. माणसाच्या मलमूत्रातून दररोज निघणारा फॉस्फरस ढोबळमानाने माणशी एक ग्रॅम धरला, तर २०११ च्या जनगणनेतील पुणे महापालिकेच्या सुमारे ३१ लाख लोकसंख्येमागे तो दिवसाला तीन टनांहून अधिक होतो. शेतकरी डीएपी या खताची ५० किलोची जी गोणी विकत घेतो तिच्यात फॉस्फरस मूलद्रव्य सुमारे १० किलो असते. म्हणजे आपले शहर रोज तीनशेहून अधिक गोण्यांइतका फॉस्फरस सांडपाण्यात सोडते, आणि यात कपड्या-भांड्यांच्या पावडरीतला फॉस्फेट, पिंपरी-चिंचवड आणि २०११ नंतर वाढलेली वस्ती धरलेली नाही. हा सगळा फॉस्फरस पाण्यात पोचतोच असे नाही. काही मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या गाळात अडकतो, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीसाठी कालव्यात उचलल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर काही शेतात जातो, जिथे तो खरोखर हवा असतो. पण नेहमीच्या पद्धतीची केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात. विरघळलेल्या फॉस्फेटचा मोठा भाग त्यांतून तसाच पुढे जातो. बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, बीओडीच्या (सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्या मापाच्या) कसोटीलाही ते उतरते, आणि शैवालाच्या दृष्टीने मात्र ते खत घातलेले पाणीच असते.

या ठिकाणी नियमांतली एक फट दाखवणे हा माझ्या पत्राचा मुख्य हेतू आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी जी मानके अधिसूचित केली, त्यांत सामू (पाण्याची आम्लता, म्हणजे पीएच), बीओडी, निलंबित घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू एवढेच निकष होते; नायट्रोजन आणि फॉस्फरस वगळलेले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ही मानके कडक केली, महानगरांसाठी एकूण नायट्रोजनची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम घातली, आणि फॉस्फरससाठीही १ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. मात्र फॉस्फरसची ही मर्यादा तळ्यांत आणि सरोवरांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यापुरती आहे. पुण्याची केंद्रे पाणी सोडतात ते नदीत, त्यामुळे कागदोपत्री हा निकष त्यांच्या अंगाला लागत नाही. पण मुळा-मुठा संगमावरून बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करीत भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाऊन थांबते. उजनी हे सरोवर नाही तर काय आहे? एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास, पसरट आणि बऱ्याच भागात उथळ पात्र, उन्हाळ्यात अनेकदा मृतसाठ्याखाली जाणारी पातळी, आणि वरून वर्षभर येणारे दोन महानगरांचे सांडपाणी. शैवालाला जे जे लागते ते सर्व तिथे एकत्र आहे. भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी आपण पुणेकर सुटीच्या दिवशी हौसेने गाड्या काढतो. उजनीच्या त्याच बॅकवॉटरच्या काठच्या गावांना हिरवे, वास मारणारे पाणी दिसते, आणि सोलापूर शहराची तहान बऱ्याच अंशी याच धरणावर भागते. नदीत सोडले म्हणून फॉस्फरस नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्या जिल्ह्याच्या दारात जातो.

शहरातल्या लहान तळ्यांची गोष्ट वेगळी नाही, फक्त अंतर कमी आहे. भूगाव-बावधनकडून येणारी रामनदी पाषाण तलावात येते ती वाटेतील वस्त्यांचे सांडपाणी घेऊनच. कात्रजच्या तळ्यातून पेशवाईत बंदिस्त दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पिण्याचे पाणी आणले गेले. आज ते पाणी कोणी ओंजळीत घेण्यास धजावेल, असे मला वाटत नाही. अशा तळ्यांवर दरवर्षी जलपर्णी काढण्यासाठी खर्च होतो. जलपर्णी काढायला माझा विरोध नाही, उलट ती मुळासकट काढून दूर नेली तर तिच्या अंगातली पोषकद्रव्येही तळ्याबाहेर जातात. पण काठावर ढीग रचून ठेवलेली जलपर्णी कुजते आणि पहिल्या पावसात तिचा रस परत तळ्यात उतरतो. औषध फवारून ती जागीच मारली तर सगळेच पाण्यात राहते. शिवाय जलपर्णी निघाली की मोकळ्या झालेल्या पाण्यावर ऊन पडते, आणि त्याच अन्नावर शैवाल फोफावते. कारंजी लावणे, बोटी फिरवणे, काठाला रंगीत फरश्या बसवणे यांनी येणाऱ्या नाल्यातला फॉस्फरस तसूभरही कमी होत नाही. गाळ काढण्याचेही तसेच : नाला चालू ठेवून गाळ काढणे म्हणजे तेच काम काही वर्षांनी पुन्हा करण्याची तयारी.

हे सगळे अशक्यप्राय आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन सरोवरात १९६० च्या आसपास दिवसाला सुमारे साडेसात कोटी लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी येत होते आणि उन्हाळ्यात पाणी इतके गढूळ होई की पारदर्शकता मोजण्यासाठी सोडलेली पांढरी तबकडी जेमतेम मीटरभर खोल दिसे. नागरिकांनी मतदान करून या कामासाठी स्वतंत्र संस्था उभारण्यास संमती दिली, १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तबकडी तीन मीटरपर्यंत दिसू लागली. सरोवर खोल होते, पाणी लवकर बदलत होते, त्याचा फायदा मिळाला; आपल्या उथळ, गाळाने भरलेल्या तळ्यांना अधिक वेळ लागेल. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर बंदी घातली. शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालून फॉस्फरस गाळात बसवण्याची पद्धत जुनी आणि सर्वज्ञात आहे, आणि जिवाणूंकडून तो शोषून घेण्याची पद्धतही अनेक देशांत चालू आहे. मुळा-मुठेसाठी केंद्राच्या योजनेतून आणि जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रांचा प्रकल्प मंजूर झाला, तेव्हा बांधकाम आणि सुधारणा करतानाच ही सोय करून घेणे शहाणपणाचे ठरते. केंद्र उभे राहिल्यावर त्यात फेरबदल करणे केव्हाही महाग.

तेव्हा महापालिका, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जलसंपदा विभाग यांच्याकडे माझी मागणी अशी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील प्रत्येक मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील एकूण फॉस्फरस दर आठवड्याला मोजून जाहीर करावा, आणि हे पाणी अखेर उजनीत जाते हे मान्य करून १ मिलिग्रॅमची मर्यादा या केंद्रांनाही लावावी. पावडरीच्या पुड्यावर फॉस्फेटचे प्रमाण ठळक छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे. पाषाण, कात्रज, जांभूळवाडी या तलावांत येणारा प्रत्येक नाला आधी अडवावा आणि मगच सुशोभीकरणाची निविदा काढावी. उजनीतून पिण्यासाठी पाणी उचलणाऱ्या ठिकाणी मार्च ते जून या काळात मायक्रोसिस्टिनची नियमित तपासणी व्हावी.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. पावसाळ्यात आपण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा साठा रोज चौकटीत छापता, आणि आम्ही सारे सकाळी आधी ती चौकट पाहतो. त्याच जागी उन्हाळ्याचे चार महिने दर आठवड्याला पुण्याच्या तळ्यांची आणि उजनीची पारदर्शकता, पाण्याचे तापमान आणि फॉस्फरस हे तीन आकडे छापता आले, तर प्रशासनाकडे ते मागण्याचे काम आपल्या वार्ताहरांबरोबर आम्ही वाचकही करू. पारदर्शकता मोजायला तर २० सेंटिमीटरची एक तबकडी आणि मापाच्या खुणा केलेली दोरी पुरते. माझ्या ओळखीच्या शाळांतील विज्ञान मंडळांना मी हे काम पाषाण तलावावर करायला सांगणार आहे आणि त्यांच्या नोंदी आपल्याकडे पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
पाषाण, पुणे